म्हातारा कुत्रा हरवला तर...

दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याला कमी दिसतं, कमी ऐकू येतं. काहींना उतारवयात विसर पडतो आणि ते रोजच्या गल्लीतही भांबावतात. असा कुत्रा हाकेला ओ देईलच असं नाही.

● आधी जवळपास शोधा : उभ्या गाड्यांखाली, जिन्याखाली, पंपघरामागे, कोरड्या गटारात बॅटरी मारा. अंधारात त्याचे डोळे चमकतात.

● पहाटेच्या माणसांना सांगा : वॉचमन, दूधवाले, पेपरवाले, सफाई कामगार, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणारी मंडळी. प्राण्यांचे दवाखाने आणि पालिकेच्या श्वान केंद्रातही फोटो द्या.

● फोटो आत्ताचा हवा : पांढरं झालेलं तोंड, लंगडणारा पाय दिसला पाहिजे. औषध चालू असेल तर पोस्टरवर तसं लिहा.

● मायक्रोचिप : तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप ठावठिकाणा सांगत नाही. तिच्यातला १५ अंकी नंबर स्कॅनरनेच वाचता येतो. नोंदणीतला तुमचा फोन नंबर जुना असेल, तर आजच बदला.

● घरच्यांसाठी : गेला म्हणावं तर खात्री नाही, आहे म्हणावं तर दिसत नाही. अशा अधांतरी दुःखाचा अभ्यास पॉलिन बॉस या अमेरिकी कुटुंब-उपचारतज्ज्ञ संशोधिकेने १९७० च्या दशकात सुरू केला. हे दुःख खरं आहे, ‘कुत्रंच तर होतं’ म्हणून ते उडवून लावू नका. मुलांना ‘गावाला गेला’ असं खोटं सांगू नका. पोस्टर चिकटवायला सोबत न्या. शोधाच्या पाळ्या लावा, म्हणजे सगळा भार एकट्यावर पडणार नाही.