भूमिकाखेळातील चकमकींचा समतोल

भूमिकाखेळातील चकमकींचा समतोल : टेबलाभोवती बसून संभाषण व फासे यांच्या साहाय्याने खेळावयाच्या भूमिकाखेळांत पात्रांपुढे येणाऱ्या संकटांची तीव्रता व पात्रांजवळील मर्यादित साधनसामग्री यांचा मेळ घालण्याची रीत. अशा खेळात प्रत्येक खेळाडू योद्धा, जादूगार, पुरोहित, चोर यांसारखे एखादे पात्र वठवितो. संचालक भोवतालचे जग व त्यातील शत्रू यांची बाजू सांभाळतो. एकच पात्र अनेक महिने, क्वचित वर्षानुवर्षे खेळले जात असल्याने त्याचा मृत्यू ही एखादा डाव हरण्याहून मोठी गोष्ट ठरते. उलट मृत्यूची शक्यताच उरली नाही, तर खेळाडूच्या निर्णयांना अर्थ राहत नाही.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला खेळ या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ मानला जातो. त्याचा उगम युद्धक्रीडांत आहे. मात्र युद्धक्रीडेत दोन्ही पक्ष तुल्यबळ असणे इष्ट असते, तसे येथे नाही. तुल्यबळ शत्रूंशी वारंवार गाठ पडल्यास पात्रे एका मोहिमेतही टिकणार नाहीत. त्यामुळे ‘समतोल’ ही संज्ञा काहीशी दिशाभूल करणारी आहे. बहुतेक चकमकी पात्रे जिंकणार हे गृहीतच असते. प्रश्न असतो तो त्यासाठी किती किंमत मोजावी लागते याचा.

ही किंमत प्राणांक (पात्र किती घाव सोसू शकते हे दर्शविणारी संख्या), मंत्र, औषधे, बाण, अन्न व उजेड यांत मोजली जाते. मंत्र एकदा उच्चारला की तो स्मृतीतून पुसला जातो, ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकातून आली. १९७४ च्या नियमांत नवशिक्या जादूगाराला दिवसाकाठी एकच मंत्र मिळे. पात्रे भुयारात उतरत. मजला जितका खोल, तितके शत्रू भयंकर व धन अधिक. दर दहा मिनिटांच्या फेरीअखेर संचालक फासा टाकी आणि सहाचे दान पडल्यास भटका शत्रू समोर येई. १९८१ च्या प्राथमिक आवृत्तीत मशाल सहा फेऱ्या, तर कंदिलातील तेल चोवीस फेऱ्या पुरे. अनुभवगुण मुख्यतः बाहेर आणलेल्या धनाबद्दल मिळत असल्याने लढाई टाळण्यातच शहाणपण होते. किती खोल जायचे व केव्हा परतायचे हे खेळाडूच ठरवीत. म्हणजे समतोल राखण्याचे काम बव्हंशी त्यांच्या विवेकावर सोपविलेले होते.

तिसऱ्या आवृत्तीने (२०००) हे काम संचालकाच्या गणिताकडे आणले. प्रत्येक शत्रूला आव्हानांक देण्यात आला. चार पात्रांच्या गटाची त्याच्या पातळीइतक्या आव्हानाच्या चकमकीत सुमारे २०% सामग्री खर्ची पडावी, असा हिशेब होता. परंतु चकमकीचा बिकटपणा केवळ शत्रूवर अवलंबून नसतो. जो राक्षस सकाळी सहज लोळविता येतो, तोच मंत्र व औषधे संपल्यावर सायंकाळी जिवावर बेततो. मोजण्याचे खरे एकक चकमक नसून दोन विश्रांतींमधील काळ हे आहे.

पाचव्या आवृत्तीतील (२०१४) उदाहरण पाहता येईल. पाचव्या पातळीच्या जादूगाराला तिसऱ्या श्रेणीचे मंत्र दिवसातून साधारणतः दोनदाच वापरता येतात. त्यांपैकी अग्निगोल हा मंत्र अनेक शत्रूंना एकदम सरासरी २८ गुणांची इजा करतो. नियमांनी दिवसाला सहा ते आठ मध्यम वा कठीण चकमकी कल्पिल्या होत्या. त्याऐवजी एकच घडली, तर जादूगार दोन्ही अग्निगोल तेथेच उधळतो आणि ज्याची तलवार कधीच संपत नाही तो योद्धा निष्प्रभ ठरतो. प्रत्येक लढाईनंतर मुक्काम ठोकण्याच्या या सवयीला खेळाडू विनोदाने ‘पंधरा मिनिटांचा दिवस’ म्हणतात. त्यावर शत्रू अधिक बलाढ्य करावेत, तर दोन-तीन वाईट दानांत पात्र मरते व माघार घेण्यास अवधीच मिळत नाही.

शत्रूंची संख्या हा आणखी एक फसवा घटक. एफ. डब्ल्यू. लँचेस्टर यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, नेम धरून होणाऱ्या लढाईत सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. संख्या दुप्पट झाली की बळ चौपट होते. हा नियम येथे तंतोतंत लागू पडत नसला, तरी एकट्या अजस्र शत्रूपेक्षा आठ क्षुद्र शत्रू अनेकदा घातक का ठरतात, हे त्यावरून कळते. काही संचालक पडद्याआड फासे टाकून शत्रूचे प्राणांक गुपचूप कमीजास्त करतात. मार्ग सोपा आहे, पण तो उघडकीस आला की सामग्री राखून ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही.

विश्रांतीला किंमत लावणे हा उपाय अधिक टिकाऊ होय : मुक्काम केल्यास शत्रू सावध होतो, ओलिसाचा जीव जातो किंवा शिधा संपतो. ‘थर्टीन्थ एज’ (२०१३) या खेळात घड्याळाचा संबंधच तोडला असून चार चकमकींनंतरच पात्रे पूर्ववत होतात. आधी विसावा हवा असल्यास कथेत काहीतरी गमवावे लागते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ मधील सुधारित नियमांत सहा ते आठ चकमकींचे मार्गदर्शन व शत्रुसंख्येचा गुणक ही दोन्ही वगळण्यात आली असून दिवसभरातील चकमकींची वाटणी संचालकावर सोपविली आहे.