होडीच्या पंख्याला पाती किती?

उकाडा ओसरला की इथे बहरीनमध्ये हवारला जायचे बेत सुरू होतात आणि चौघांनी मिळून घेतलेली जुनी होडी झाडूनपुसून बाहेर निघते. मग दुकानदार विचारतो, प्रोपेलर तीन पात्यांचा देऊ की चार? चार म्हणजे जास्त जोर, असं समजून लगेच पैसे मोजू नका.

पाती कमी तितका पाण्याचा अडथळा कमी. दोघं-तिघं गळ टाकायला जाणार असाल तर तीन पाती पुरे. पळायलाही तीच बरी. पण कुटुंब निघालं की आठ माणसांचं वजनच साडेपाचशे किलोच्या घरात जातं. वर बर्फ, पाणी, पुलावाचं पातेलं. अशी होडी वेग घेऊन पाण्यावर चढायलाच तयार होत नाही, नाक वर करून रांगत राहते. इथला समुद्र उथळ. शमाल सुटला की लाटा बुटक्या, पण एकीला लागून एक. पोरं बरोबर असताना परतीला वेग कमी करावाच लागतो, आणि नेमकी तेव्हा तीन पात्यांची होडी पुन्हा खाली बसते. चौथं पातं तिला कमी वेगातही वर धरून ठेवतं, वळणावर पकड सुटू देत नाही, थरथरही कमी होते. वरचा वेग थोडा जातो. जाऊ दे.

खरी मेख पिचमध्ये आहे. लाकडात स्क्रू शिरतो तसा पंखा एका फेऱ्यात जितके इंच पुढे सरकेल, तो पिच. पिच तोच ठेवून पाती चार केलीत तर इंजिनाचे फेरे मिनिटाला शंभराच्या आसपास उतरतात. म्हणून साधारण एक इंच कमी पिचचा घ्या. त्याने दीडशे-दोनशे फेरे परत मिळतात. मग नेहमीची माणसं आणि सामान घेऊनच मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल देऊन काटा पाहा. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली असते, बऱ्याच आउटबोर्डना ५००० ते ६०००. काटा खाली राहिला तर इंजिन दमतंय, वर गेला तर पिच कमी पडतोय.

स्टेनलेस स्टील दिसायला छान. पण सित्र्याच्या पूर्वेला फश्त अल अझ्मसारखे खडकाळ उथळ भाग आहेत. तिथे ओहोटीला आपटलं तर अॅल्युमिनियमचं पातं वाकतं आणि धक्का बराचसा स्वतःच खातं. स्टील तो गिअरपर्यंत पोचवतं. तीन पात्यांचा जुना पंखा विकू नका. नट, पिन आणि पान्यासकट तो होडीतच ठेवा.