जैवसक्रिय काच
जैवसक्रिय काच ही शरीरातील द्रवांत हळूहळू विरघळणारी व हाडाशी जोडली जाणारी काच होय. १९६९ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी बनवलेल्या ‘४५एस५’ काचेत वजनाने ४५ टक्के सिलिका, सोडियम व कॅल्शियम यांची ऑक्साइडे प्रत्येकी २४.५ टक्के आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड ६ टक्के असते. सोडियम व कॅल्शियममुळे सिलिकेचे जाळे जागोजागी तुटते. त्यामुळे काच द्रवाशी अभिक्रिया करते आणि तिच्यावर हाडातील खनिजासारखा थर जमतो. सिलिका सुमारे ६० टक्क्यांपुढे गेल्यास हा बंध जुळत नाही. खिडकीची काच पावसात टिकते तीही सिलिका भरपूर असल्यामुळेच. सिलिकेऐवजी फॉस्फेटवर आधारलेली काच पूर्णपणे विरघळू शकते. मात्र ती फार लवकर विरघळल्यास हाड भरून येण्यापूर्वीच आधार नाहीसा होतो, म्हणून तिच्यात टायटॅनियम किंवा लोहाचे ऑक्साइड मिसळून हा वेग कमी करतात.