आधी बुडी, मग गरी

भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी बऱ्याच ठिकाणी गुरुवारी, चाकणच्या अनेक प्लांटमध्ये रविवारी, आणि वर तीन पाळ्या. पाच-सहा मित्रांची रजा एकदम जुळते ती शटडाऊनला, नाहीतर जोडून सुट्ट्या आल्या तर. म्हणूनच मालवण-तारकर्लीला निघालेला असा ग्रुप तीन-चार दिवसांतला एक तासही सोडायला तयार नसतो. शेवटच्या सकाळीसुद्धा स्कूबाची एक बुडी, अकराला पाण्याबाहेर, जेवून गाडी घाटाला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला पंचिंग. हा बेत उलटा आहे असं माझं ठाम मत आहे. सगळ्या बुड्या आधी उरकाव्यात आणि परतीच्या आधीचा वेळ मासे गरवायला ठेवावा. त्याचं कारण सह्याद्रीची उंची.

समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा सुमारे एक बार दाब असतो. दहा मीटर खाली तो दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. रेग्युलेटर पाणबुड्याला त्या खोलीच्या दाबाचीच हवा पुरवतो, त्यामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत जास्त विरघळतो. वर येताना तो फुप्फुसांवाटे हळूहळू निघून जातो. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जलद वर येऊ नका, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, असं शिकवतात ते यासाठीच. तरीही थोडा नायट्रोजन अंगात उरतो आणि तो जायला कित्येक तास लागतात. त्या तासांत उंचावर जाऊन बाहेरचा दाब आणखी उतरला, तर त्याचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. मग सांधे दुखतात, हातापायांना मुंग्या येतात, क्वचित मज्जारज्जूलाही इजा होते. हा आजार जगाला नीट कळला तो कामगारांच्या हालांमुळे. 1870च्या दशकात ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी दाबाच्या हवेत खणणारे मजूर वर आल्यावर वेदनेनं वाकून जात. टप्प्याटप्प्यानं वर येण्याची जॉन स्कॉट हाल्डेन यांची कोष्टकं 1908 साली आली. दिवसभर कॉम्प्रेसरच्या लाइनवर काम करणाऱ्या माणसाला दाब एकदम सोडण्यातला धोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता रस्ता पाहा. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. करूळचा घाट धरला तरी चढ चुकत नाही, आणि पुढचं कोल्हापूर, सातारा, पुणे, चाकण हे सगळं साधारण साडेपाचशे ते सातशे मीटरच्या पट्ट्यात येतं. पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा बुडीनंतरच्या विमानप्रवासाबद्दलचा सल्ला सुमारे 600 ते 2400 मीटर उंचीसाठी आहे: एकच बुडी असेल तर निदान 12 तास थांबा, अनेक बुड्या किंवा सलग काही दिवस बुड्या झाल्या असतील तर 18 तास. कोकण रेल्वेनं मुंबईला परतणाऱ्याला हा प्रश्न जवळजवळ पडत नाही. आपल्याला पडतो. विमानातला प्रवासी निदान दोन तासांत खाली उतरतो, घाट चढून देशावर आलेला माणूस मात्र वरच राहतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मालवणात बहुतेकांची बुडी म्हणजे प्रशिक्षकानं धरून नेलेली, काही मीटरांची, पंधरा-वीस मिनिटांची, तिच्यात कितीसा नायट्रोजन साठणार? बरोबर आहे, फारसा नाही. पण तारकर्लीच्या एमटीडीसी केंद्रात किंवा दुसरीकडे रीतसर शिकून आलेले मित्र दिवसाला दोन-दोन बुड्या मारतात, तीही जास्त खोल. साठा वाढत जातो तो त्यांच्या अंगात. सहाशे मीटर ही सल्ल्यातली अगदी खालची हद्द आहे, हेही मान्य. तरी लांबचा प्रवास, अपुरी झोप आणि उन्हात कमी पडलेलं पाणी त्यात मिळवलं, तर थांबणंच शहाणपणाचं. दुसरा आक्षेप असा, की शिनाणे काढायला गावातली माणसं रोज बुडी मारतात, त्यांना काही होत नाही. ती वर घेतलेल्या एकाच श्वासावर जातात, खाली दाबाची हवा घेत नाहीत. ही तुलनाच लागू नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा असतो, पाणी शांत असतं. दुपारी खारा वारा सुटला की होडी डोलायला लागते. बुडीला सकाळच हवी, गरवायलाही सकाळच बरी. मग दोन्ही रोज थोडं थोडं का नको? कारण एकाच खडकावर दोन्ही चालत नाहीत. खडकात तुटून राहिलेला तंगूस पाण्याखाली जवळजवळ दिसत नाही आणि पाणबुड्याच्या नळीत अडकतो. शिवाय गरवणं घाईत होत नाही. कोळंबीचा तुकडा गरीला लावून शिसं तळाला टेकवायचं, वीतभर उचलायचं, तंगूस तर्जनीवर तोलायचा. लहान मासा टोचतो तेव्हा बोटाला नुसती टकटक लागते. हेकरू मात्र एकदम ओढ घेतो आणि कपारीत शिरायला बघतो. तिथे क्षणभर ढिलाई झाली की गरी गेली. हे कळायला पूर्ण सकाळ द्यावी लागते.

चार दिवस असतील तर पहिला प्रवासाचा, पुढचे दोन बुडीचे. तिसऱ्या दिवशी अकराला शेवटची बुडी संपली, की अठरा तास दुसऱ्या पहाटे पाचला भरतात. मग होडी, दुपारचं जेवण आणि घाट. रात्री उशिरा नाशिक फाटा येतो. आणि एवढं करूनही एक-दोन दिवसांत खांदा किंवा गुडघा दुखू लागला, बधिरपणा आला, तर कारखान्याच्या आरोग्य केंद्रातल्या (ओएचसी) डॉक्टरांना आधी बुडीबद्दल सांगावं: किती खोल, किती वेळा, शेवटची केव्हा. एरवी ते दुखणं ओव्हरटाइमच्या खात्यात जाईल आणि मलम देऊन परत लाइनवर पाठवलं जाईल, खरं तर त्या माणसाला ऑक्सिजनची आणि दाबकक्ष असलेल्या रुग्णालयाची गरज असेल.