पोटगीचा आकडा येतो कुठून?

"पगाराचे पंचवीस टक्के द्यावेच लागतात, कायदाच आहे तसा." नवरा-बायको वेगळे व्हायचं ठरलं की दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या तोंडी हे वाक्य येतं. असा कायदा नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 आणि 25 मध्ये टक्केवारी नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये नव्हती, आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्येही नाही.

पंचवीस टक्क्यांचा बोलबाला झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या एका निकालामुळे. निव्वळ पगाराचा पाव हिस्सा रास्त ठरेल, असं त्यात म्हटलं आहे. पण त्या नवऱ्याचा निव्वळ पगार सुमारे 95 हजार होता. त्याचं दुसरं लग्न झालेलं, त्या संसारातही मूल. हे पाहून न्यायालयाने पोटगी 23 हजारांवरून 20 हजारांवर आणली. म्हणजे खुद्द त्या खटल्यातही पुरता पाव हिस्सा मिळाला नाही.

आकडा ठरतो कागदांवरून. रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. 4 नोव्हेंबर 2020 च्या त्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यामुळे अंदाज बांधायचा तर आधी पगाराची स्लिप नीट वाचा. समजा, पगार 70 हजार. प्राप्तिकर, सक्तीचा भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर मिळून 9 हजार कापले जातात आणि गाडीचा हप्ता 14 हजार आहे. नवरा सांगतो, "हातात 47 हजारच उरतात." न्यायालय मात्र साधारणपणे 61 हजार धरून पुढे जातं, कारण स्वतःहून काढलेल्या कर्जाचा हप्ता बायको-मुलांच्या पोटापुढे ठेवता येत नाही. मला हे अगदी योग्य वाटतं. मग घरभाडं, शाळेची फी, औषधपाणी, म्हाताऱ्या आईवडिलांची जबाबदारी आणि लग्नातलं राहणीमान हे सगळं तोललं जातं.

"बायको शिकलेली आहे, तिला काही मिळणार नाही," हाही असाच समज. कमावण्याची क्षमता असणं वेगळं आणि प्रत्यक्ष कमावणं वेगळं, हे न्यायालयांनी स्पष्ट केलं आहे. ती नोकरी करत असली तरी हक्क आपोआप जात नाही. रक्कम कमी होऊ शकते. उलट, हिंदू विवाह कायद्याखाली कमाई नसलेला नवराही पोटगी मागू शकतो.

मुलांचा खर्च आईच्या पोटगीत धरलेलाच असतो, असं मानू नका. त्याच नागपूरच्या प्रकरणात बायकोला दरमहा 15 हजार आणि मुलाला वेगळे 10 हजार ठरले होते. आई कमावती असेल तर हा भार दोघांच्या ऐपतीप्रमाणे वाटला जातो. आईने तडजोडीत स्वतःची पोटगी सोडली म्हणून मुलाचा हक्क सुटत नाही, आणि "मुलाला भेटू देत नाही" म्हणून बापाला पैसे थांबवता येत नाहीत. भेटीसाठी वेगळा अर्ज करायचा असतो.

पोटगी निकालाच्या नव्हे, अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, हेही 2020 च्या निकालाने पक्कं केलं. त्यामुळे तारखा लांबल्या की देणाऱ्याच्या डोक्यावर थकबाकी साचते. ती न भरल्यास तुरुंगवास होऊ शकतो. पण तुरुंगात जाऊन आल्याने देणं फिटत नाही. घेणाऱ्याने मात्र कलम 144 खालच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायला हवा.