दोन साच्यांचा माणूस

मुंबईच्या गिरण्यांत एक विणकर दोन साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवी. हा आकडा कुणी घड्याळ लावून, हिशेब मांडून ठरवला नव्हता. साचेखात्यात तो रूढ झाला आणि रूढ झाला म्हणूनच टिकला. लँकेशायरमध्ये तेव्हा विणकर चार साचे सांभाळत होता आणि स्वयंचलित साच्यांवरचा अमेरिकन विणकर त्याहून कितीतरी जास्त. गिरणीमालकांच्या सभांत आणि सरकारी चौकशांत हे आकडे शेजारीशेजारी ठेवले जात आणि निष्कर्ष ठरलेला असे : आपला कामगार मंद आहे.

खरं तर कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, त्यानंतरची सत्तर वर्षं कामगाराचं काम असं कुणी मोजलंच नाही. मोजले जात ते तास. माल जास्त हवा असला की पाळी लांबवायची, ही सगळ्यांत सोपी युक्ती होती. दिवसाच्या उजेडाची तेवढी अडचण होती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तीही सरली. दिवस तेरा-चौदा तासांवर गेला आणि त्यावरून गिरणगावात दंगेही झाले. मग कायदा आडवा आला. १९११ मध्ये दिवसाला १२ तासांची मर्यादा आली, १९२२ मध्ये ११ तासांची आणि १९३४ मध्ये १० तासांची. तास ताणण्याची वाट अशी बंद होत गेली, तिकडे जपानी कापड बाजारात स्वस्त पडू लागलं आणि मालकांची नजर तासावरून मिनिटावर आली. कार्यक्षमतेचा विचार मुंबईत शिरला तो या चिमट्यातून. त्यामागे शास्त्राची आवड फारशी नव्हती.

तोवर माणूस किती काम करतो याचा एकमेव जाणकार म्हणजे जॉबर. कामावर घेणारा तो, काढणारा तो, दस्तुरी खाणारा तो आणि सकाळी भोंग्यानंतर दरवाजाशी उभ्या असलेल्या बदली कामगारांतून आज कुणाला आत घ्यायचं हे ठरवणाराही तोच. आज साच्यावर एक, उद्या दुसरा. अशा खात्यात दरमाणशी उत्पादनाचा आकडा काढणं म्हणजे कागद रंगवणं. विणकराची मजुरी कापडावर असे आणि बिघडलेलं कापड त्याच्याच माथी मारून किंमत पगारातून कापली जाई. कापड का बिघडलं हे विचारण्याची पद्धत नव्हती.

मिनिटं मोजण्याचं तंत्र आलं अमेरिकेतून. फ्रेडरिक टेलर हे नाव गिरणगावात फार थोड्यांना ठाऊक असेल. बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात त्यानं बिडाचे ठोकळे वॅगनमध्ये भरणाऱ्या मजुरांवर घड्याळ लावलं. दिवसाला साडेबारा टन भरणाऱ्या माणसाकडून साडेसत्तेचाळीस टन भरून घेता येतात, असं त्यानं मोठ्या अभिमानानं लिहून ठेवलं. त्या माणसाची मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंटवर गेली. काम जवळपास चौपट, मजुरी साठ टक्क्यांनी जास्त. टेलरचं पुस्तक १९११ साली आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातले ओतारी हातात घड्याळ घेतलेला माणूस पाहून काम सोडून बाहेर पडले. पुढे अमेरिकन काँग्रेसनं लष्करी कारखान्यांत घड्याळ लावण्यासाठी पैसा देणंच बंद केलं. या शास्त्राच्या जन्माबरोबरच त्याचं भांडणही जन्मलं होतं.

मुंबईत ते भांडण १९२८ साली पेटलं. ई. डी. ससून यांच्या गिरण्यांनी 'एफिशियन्सी'ची योजना आणली. विणकरानं दोनऐवजी तीन साचे चालवायचे आणि सूतखात्यात एकाच कामगारानं सूतयंत्राच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू सांभाळायच्या. माणशी कमाई वाढेल, असं मालक सांगत आणि ते खोटं नव्हतं. दर साच्यामागचा दर मात्र उतरणार होता आणि तिसरा साचा ज्याच्या हातून जाणार त्याचं काय, हा प्रश्न योजनेच्या कागदावर नव्हताच. जानेवारीत ससूनच्या गिरण्यांत संप झाला. एप्रिल संपता संपता मुंबईतल्या जवळजवळ सगळ्या गिरण्या बंद होत्या. सुमारे दीड लाख माणसं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घरी बसली. कोकणातली, घाटावरची पुष्कळशी गावाकडे गेली. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. तिच्यात डांगे, निंबकर, जोगळेकर यांच्यासारखे कम्युनिस्ट पुढारी होते आणि अर्जुन आत्माराम आळवे यांच्यासारखे गिरणीतूनच वर आलेले कामगारही होते. संप समितीत ना. म. जोशी यांची मवाळ युनियनही सामील झाली. समितीच्या १७ मागण्यांत पगार, तास, दंड असं सगळं होतं, पण त्या सगळ्याखाली तिसऱ्या साच्याची भीती होती.

ती भीती नुसती बेकारीची होती असं मानलं तर गोष्ट अर्धीच राहते. साच्यासमोर उभा असलेला माणूस काय करतो ते पाहिलं पाहिजे. धोट्यातली कांडी काही मिनिटांत संपते. साचा थांबवायचा, नवी कांडी घालायची, पुन्हा चालू करायचा. ताण्याचा धागा तुटला तर तो शोधायचा, सांधायचा, फणीतून ओवून घ्यायचा. तेवढ्या वेळात शेजारच्या साच्यावरचा धागा तुटला आणि लक्ष गेलं नाही तर कापडाला खोड पडते आणि पगार कापला जातो. म्हणजे एक माणूस किती साचे चालवील हे त्याच्या हातांच्या चपळाईवर जेवढं अवलंबून, त्याहून जास्त धागा तासाला किती वेळा तुटतो यावर. आणि धागा तुटण्याचं मूळ असतं आखूड तंतूच्या स्वस्त कापसात, मिश्रणात केलेल्या काटकसरीत, जुनाट यंत्रात. यातलं काहीही विणकराच्या हातात नाही. कापूस निवडतो मालक, यंत्र घेतो मालक, आणि घड्याळ लागतं विणकरावर. चांगलं सूत द्या, मग साच्यांचं बोलू, हे कामगारांचं म्हणणं मला त्या सगळ्या वादातलं सर्वांत शास्त्रशुद्ध विधान वाटतं.

हे पटायला जपानकडे बघावं. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली तयार केलेला 'जी' जातीचा साचा चालता चालता स्वतःच धोटा बदलत असे आणि धागा तुटला की स्वतःच थांबत असे. माणसानं लक्ष ठेवायचं ओझं यंत्रानंच उचललं, त्यामुळे एका कामगाराकडे तीस-तीस साचे देता येऊ लागले. मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान्पिढ्या यंत्रं पुरवणाऱ्या इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं १९२९ मध्ये या साच्याचे हक्क १ लाख पौंडांना विकत घेतले. टोयोडांनी आधी साच्याकडे पाहिलं, मग माणसाकडे. मुंबईत क्रम उलटा होता : तोच साचा, तेच सूत, फक्त माणसं कमी.

आणखी एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात येत नसे. नवी कांडी घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागे. म्हणून सवर्ण विणकरांनी अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात येऊ दिलं नाही, आणि साचेखाता म्हणजे गिरणीतल्या चांगल्या कमाईच्या खात्यांपैकी एक. सूतखात्यात आयुष्य काढलेला महार कामगार कितीही कुशल असला तरी त्याला साच्यावर जागा नसे. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या काळात हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. कार्यक्षमतेवर शेकडो पानं खर्ची घालणाऱ्यांना माणसांच्या निवडीवर बसलेला हा विटाळाचा पहारा अकार्यक्षम वाटला नाही. मालकांना नाही आणि युनियनलाही फारसा नाही. धोट्यातला धागा असा तोंडानं ओढणं आरोग्याला घातक म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं तर १९११ मध्येच बंद केलं होतं.

संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांची समिती बसली. तिनं योजनेचं तत्त्व मान्य केलं, सूत आणि परिस्थिती अनुकूल असली पाहिजे अशा अटी सुचवल्या. अटी कागदावर राहिल्या. १९२९ च्या मार्चमध्ये कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरच्या मीरत खटल्यासाठी युनियनच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली, त्या वर्षी झालेला दुसरा मोठा संप फसला आणि मंदीच्या वर्षांत मालकांनी गिरणी-गिरणीत आपापल्या पद्धतीनं साचे आणि बाजू वाढवल्या. १९३४ चा संपही मोडला. १९३७ मध्ये काँग्रेस सरकारनं कापड कामगारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीवर अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. तिचा अखेरचा अहवाल यायला १९४० उजाडलं आणि तोवर लढाईच्या मागणीनं गिरण्या रात्रंदिवस धावू लागल्या होत्या. माल हवा तेवढा खपत असला की कार्यक्षमतेची आठवण कुणाला येत नाही.

हे मुंबईचंच दुर्दैव होतं असं मात्र नाही. १९३१ मध्ये लँकेशायरच्या बर्नली भागात मालकांनी चाराऐवजी आठ साचे देऊ केले तेव्हा तिथेही टाळेबंदीपर्यंत पाळी आली. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधले संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांना त्याच दशकात एक साधी कल्पना सुचली. कामगारामागे घड्याळ घेऊन दिवसभर उभं राहायचंच नाही. मधूनमधून, वेळ न ठरवता, खात्यातून एक फेरी मारायची आणि त्या क्षणी किती साचे चालू आणि किती बंद एवढंच टिपायचं. बंद असेल तर का बंद, तेही : कांडी संपली, धागा तुटला, मेकॅनिक येत नाही. अशा पुरेशा फेऱ्या झाल्या की साच्याचा वेळ कुठे वाया जातो त्याचं बऱ्यापैकी खरं चित्र उभं राहतं. ही पद्धत पुढे जगभर कारखान्यांपासून इस्पितळांपर्यंत गेली. मला तिचं कौतुक वाटतं ते तिच्या रोखामुळे. टेलरचं घड्याळ माणूस का थांबला ते विचारी, टिपेटची फेरी साचा का थांबला ते विचारते. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा आळस असं निघे, दुसऱ्याचं उत्तर अनेकदा व्यवस्थापनाच्या टेबलावर जाऊन पडे.

स्वातंत्र्यानंतर मोजणीला संस्था मिळाल्या. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचं पथक १९५२ ते १९५४ या काळात भारतात होतं. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या संशोधनासाठी घाटकोपरला बीट्रा निघाली आणि १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद. पण त्या दशकातला सगळ्यांत मोलाचा प्रयोग मुंबईत झाला नाही, तो झाला अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये.

कॅलिकोनं स्वयंचलित साचे आणले होते आणि काम शास्त्रीय मोजणी करून वाटलं होतं. २२४ साच्यांच्या खात्यात २९ माणसं आणि १२ प्रकारची कामं. विणणारा वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, तुटलेला ताणा सांधणारा वेगळा, तेल घालणारा, झाडणारा वेगळा. प्रत्येकाला किती साचे झेपतील हे वेगवेगळं मोजलेलं, त्यामुळे कुणाचीच हद्द दुसऱ्याशी जुळत नव्हती. एका विणकराच्या वाट्याला सांधणाऱ्याचा एक तुकडा येई आणि कांड्या भरणाऱ्याचा दुसरा तुकडा. प्रत्येक माणसाची मोजणी अचूक होती आणि तरी खात्याचं उत्पादन जुन्या साच्यांपेक्षा म्हणावं तसं वाढत नव्हतं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे आले. त्यांनी एवढंच सुचवलं की ठरावीक साच्यांची जबाबदारी एका गटाकडे द्यावी. तपशील कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी स्वतःच बसवले, आणि तेही आश्चर्य वाटावं इतक्या झटपट. कुणी कुणाबरोबर काम करायचं हेही त्यांनीच ठरवलं. सात-सात जणांचे गट झाले, एका गटाकडे ६४ साचे. मधे घसरण झाली, खराब माल वाढला, नव्या माणसांना शिकवावं लागलं. मग उत्पादन चढलं, खराब माल उतरला आणि खालची पातळी पुन्हा आली नाही. टॅव्हिस्टॉकच्याच एरिक मिलर यांनी १९७० मध्ये जाऊन पाहिलं तर काही खात्यांत ती व्यवस्था विरून गेली होती आणि एका ठिकाणी जवळजवळ तशीच चालू होती.

मुंबईनं यातून काय घेतलं? फार थोडं. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत यंत्रसुधारणेबद्दल तीन अटी सर्वांनी मान्य केल्या : कुणाला कामावरून कमी करायचं नाही, फायद्याचा वाटा कामगाराला द्यायचा आणि कामाचा बोजा दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांकडून मोजून घ्यायचा. तिसरी अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण घड्याळ कुणाच्या हातात हा तीस वर्षांचा प्रश्न तिच्यात एकदाचा मान्य झाला होता. पुढे गिरण्यांत वर्कस्टडीची, म्हणजे कामाच्या मोजणीची, खाती आली, तक्ते आले. नव्या यंत्रांत पैसा मात्र पुरेसा आला नाही. नफा दुसऱ्या धंद्यांकडे वळत राहिला. जुन्या साच्यांवर जुनं सूत धावत राहिलं. युनियनही साच्यांच्या आकड्यावर अडून बसली. दोन साच्यांचा आग्रह १९२८ मध्ये न्याय्य होता, पण बाजारात दुसऱ्या प्रकारचं कापड आल्यावर तो पुरेसा नव्हता.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्यांत पगार होता, बदली कामगारांना कायम करण्याची गोष्ट होती आणि वाटाघाटीचा हक्क एकाच युनियनला देणारा १९४६ चा कायदा हटवण्याचा आग्रह होता. कामाच्या मोजणीचा वाद तोवर मागे पडला होता, कारण कापड आधीच गिरणीबाहेर गेलं होतं.

ते गेलं भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला. तिथल्या यंत्रमागांत कित्येक माग मुंबईच्याच गिरण्यांनी मोडीत काढलेले. एक कामगार चार, सहा, कुठे आठ माग चालवतो, बारा तासांच्या पाळीत. एवढे माग द्यायला तिथे कुणाला चौकशी समिती नेमावी लागली नाही. मजुरी उतरलेल्या कापडावर. मीटर कमी भरले तर पैसे कमी. सूत खराब होतं की वीज गेली होती, हे त्या हिशेबात धरत नाहीत.