ऑशकॉशला उतरताना

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जुलैच्या उत्तरार्धात ‘एअरव्हेंचर’ हा विमानांचा मेळावा भरतो. १९७० पासून ऑशकॉश हेच त्याचं गाव. त्या आठवड्यात सुमारे दहा हजार विमानं येतात, म्हणून त्या वर्षीची अधिकृत सूचनापुस्तिका पाठ केल्याशिवाय निघूच नये.

छोट्या विमानांनी रिपन गावापासून फिस्कपर्यंत रेल्वेरूळ धरून एकामागे एक यायचं. उंची समुद्रसपाटीपासून १८०० फूट, वेग ९० नॉट, पुढच्या विमानापासून अर्धा मैल अंतर. फिस्कला नियंत्रक जमिनीवरून बघून विमानाचा रंग आणि प्रकार पुकारतात. वैमानिकाने रेडिओवर बोलायचं नाही, नुसते पंख हलवायचे! हा क्षण मला फार सुंदर वाटतो. धावपट्टीवर रंगीत ठिपके असतात. सांगितलेल्या ठिपक्यावरच चाकं टेकवायची, कारण मागचं विमानही त्याच पट्टीवर उतरत असतं.

गर्दी झाली की आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, तेव्हा जादा इंधन हवंच. उतरल्यावर तंबू पंखाखाली ठोकता येतो. मात्र दोर आणि मजबूत खुंट्या घरूनच न्याव्यात; तिथली उन्हाळी वादळं सैल बांधलेलं विमान सहज उलथवतात.